युद्धात मासेमारीच्या होड्यांना संरक्षण : सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणीला समुद्र नाही. पण मासळी आंबोली, चोर्ला नाहीतर अनमोडच्या घाटातून चढून येते, आणि कारवार तर सीमाभागाचाच किनारा. त्यामुळे कॅम्पातल्या मासळीवाल्यापासून लॉ कॉलेजच्या पोरांपर्यंत आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्यांपर्यंत सगळीकडून हे प्रश्न येतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. युद्ध सुरू असताना शत्रूदेशाची मासेमारी होडी पकडता किंवा बुडवता येते का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक घोळ ते एकत्र केल्यामुळेच होतो.

बुडवणं म्हणजे हल्ला. नागरी बोटीवर हल्ला करता येत नाही, मग ती दोन माणसांची पात असो की मोठा ट्रॉलर. ती लष्करी लक्ष्य बनली तरच गोष्ट बदलते (प्रश्न ६).

पकडणं वेगळं. जमिनीवर शत्रूदेशाच्या शेतकऱ्याचा बैल उगाच ओढून नेता येत नाही. समुद्रावरचा रिवाज मात्र उलटा आहे. शत्रूच्या झेंड्याखालचं साधं व्यापारी जहाजसुद्धा मालासकट पकडून जप्त करता येतं. या रिवाजाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत किनाऱ्यालगत मासेमारी करणारी लहान होडी येते. म्हणजे लहान होडीला दोन्हींपासून कवच आहे, मोठ्या ट्रॉलरला फक्त हल्ल्यापासून.

२. हा नियम कुठे लिहिलेला आहे? भारताला तो लागू आहे का?

मुख्य आधार १९०७ च्या हेग करार क्रमांक ११ मधलं कलम ३. केवळ किनारी मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या बोटी, त्यांची जाळी, दोर, सामान आणि आतला माल यांना जप्तीतून सूट आहे. लढाईत कोणत्याही प्रकारे भाग घेतला की सूट संपते. त्याच कलमातलं तिसरं वाक्य लोक वाचत नाहीत, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

दुसरा आधार १९९४ ची सान रेमो नियमावली. हा करार नव्हे. नौदल अधिकारी आणि कायदेतज्ज्ञांनी मिळून प्रचलित कायद्याची केलेली ती मांडणी आहे, पण अनेक नौदलं ती हाताशी ठेवतात. तिच्या परिच्छेद ४७ मध्ये लहान किनारी होड्यांना हल्ल्यापासून आणि १३६ मध्ये जप्तीपासून सूट आहे.

भारत १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांचा सदस्य आहे आणि त्यासाठी आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलला भारताने मान्यता दिलेली नाही. तरीही नागरी आणि लष्करी यांत फरक करण्याचं तत्त्व आणि किनारी होड्यांची सूट या दोन्ही गोष्टी रूढ कायदा म्हणून लागू होतात.

३. करारावर सही नसताना "रूढी" बंधनकारक कशी? याचा एखादा खटला आहे का?

आहे, आणि तो हेग कराराच्याही आधीचा आहे. १८९८ च्या स्पेन–अमेरिका युद्धात तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्युबातल्या हवानाच्या दोन होड्या पकडल्या गेल्या, 'पाकेते हबाना' आणि 'लोला'. पहिली ४३ फुटी, २५ टनांची, तांडेलासकट (होडीचा प्रमुख) तीन माणसांची. २५ मार्चला ती निघाली. क्युबाच्या पश्चिम टोकाच्या खडकांमध्ये २५ दिवस मासेमारी करून, सुमारे ४० क्विंटल जिवंत मासे घेऊन ती परत येत होती. २५ एप्रिलला हवानापासून अकरा मैलांवर 'कॅस्टिन' या अमेरिकी गनबोटीने तिला धरलं. युद्ध लागलंय हे खलाशांना तोवर ठाऊकच नव्हतं. 'लोला' ५१ फुटी, सहा माणसांची. फ्लोरिडातल्या की वेस्टला दोन्हींचा लिलाव झाला, एक गेली ४९० डॉलरला, दुसरी ८०० ला.

८ जानेवारी १९०० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जप्ती बेकायदा ठरवली. न्यायमूर्ती ग्रे यांनी इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीच्या १४०३ च्या हुकुमापासून शतकांचा व्यवहार तपासला. राष्ट्रांनी अशा होड्या सोडणं ही नुसती मेहरबानी राहिलेली नाही, तो आता कायदा झाला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तीन न्यायमूर्तींचं मत विरोधात होतं. परीक्षेत हा खटला लिहिणाऱ्यांनी ते विसरू नये.

४. "लहान" आणि "किनारी" म्हणजे किती? फूट आणि मैल सांगा.

आकडा कुठल्याच करारात नाही, तेव्हा तो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. न्यायालय एकत्र बघतं ते असं: होडीचा आकार, सामान, माणसं किती, किती दिवसांचा फेरा आणि मासळी कुठे जाते.

नुसत्या अंतरावर निकाल होत नाही. 'लोला' मेक्सिकोच्या युकातानपर्यंत जाऊन आली होती, तरी ती किनारी ठरली. उलट १९१४ साली ब्रिटिश प्राइझ कोर्टापुढे (पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणारं न्यायालय) 'बर्लिन' ही जर्मन मासेमारी बोट आली. तिचा आकार, साधनं आणि प्रवास बघून ती खोल समुद्रातल्या धंद्याची बोट ठरली आणि जप्त झाली.

'पाकेते हबाना'च्या निकालातली एक कसोटी आजही कामाची आहे. जी मासळी ताजी बाजारात जात नाही, खारवून, सुकवून मोठ्या व्यापाराचा माल बनते, तिच्या बोटींना ही सूट नाही, असं न्यायालयाने म्हटलं होतं. आपल्याकडे लावून बघा. पहाटे जाऊन दुपारी बांगडा घेऊन येणारी पात किंवा किनाऱ्यावरून ओढली जाणारी रापण यांच्याबद्दल वादच नाही. आठ-दहा दिवस बाहेर राहून निर्यातीच्या कारखान्यासाठी मासा गोठवणारी बोट मात्र जप्तीला सरळ पात्र आहे. या दोहोंच्या मधे येणारा, बर्फ भरून दोन-तीन दिवस जाणारा ट्रॉलर हाच खरा वादाचा मुद्दा. आमच्या मते तो मासळी ताजीच उतरवत असेल तर त्याची बाजू मजबूत आहे, पण पैज लावण्याइतकी नाही.

५. इंजिन, जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस बसवला तर सूट जाते का?

नाही. ही आता धंद्याची साधी साधनं आहेत. साधन काय आहे यापेक्षा त्याने काय केलं हे बघितलं जातं. त्याच व्हीएचएफ सेटवरून हवामान विचारलं तर काही नाही, आणि युद्धनौकेचा ठावठिकाणा कळवला तर सगळं गेलं.

६. नेमकं काय केलं की संरक्षण संपतं?

सुरुंग टाकणं किंवा काढणं, समुद्राखालची केबल तोडणं, सैनिक किंवा दारूगोळा वाहणं, युद्धनौकांच्या ताफ्यात त्यांच्या संरक्षणाखाली चालणं, थांबण्याचा हुकूम धुडकावून पळणं, आणि टेहळणी. यातली शेवटची गोष्ट मच्छीमारांना सगळ्यात जास्त गोत्यात आणते.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाचा 'नारवाल' हा ट्रॉलर ब्रिटिश ताफ्याच्या मागावर होता. ९ मे रोजी सी हॅरियर विमानांनी त्याच्यावर हल्ला केला. ब्रिटिश सैनिक बोटीवर उतरले तेव्हा अर्जेंटिनाच्या नौदलाचा अधिकारीच तिथे सापडला. दिसायला ट्रॉलर, कामाने हेर.

आपल्याकडची अडचण अशी की २००८ च्या मुंबई हल्ल्यापासून मच्छीमारांना किनारी सुरक्षेचे "डोळे आणि कान" म्हटलं जातं. तो हल्ला करणारे 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावूनच आले होते, त्यामुळे शांततेच्या काळात संशयास्पद बोट कळवणं योग्यच आहे. पण युद्ध लागल्यावर शत्रूच्या युद्धनौकेची जागा, दिशा, वेग नियमित कळवणारी होडी कायद्याच्या नजरेत मासेमारी करत नसते, माहिती पुरवत असते. हे मच्छीमारांना सांगायला कुठलंच सरकार फारसं उत्सुक नसतं. बुडणाऱ्या बोटीची मदतीची हाक मात्र यात धरली जात नाही.

७. आपल्याच नौदलाने ट्रॉलर भाड्याने किंवा ताब्यात घेतला तर?

घेता येतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने शेकडो ट्रॉलर सुरुंग काढण्यासाठी घेतले. पण तेव्हापासून ती बोट मासेमारीची राहत नाही आणि तिच्यावर हल्ला होऊ शकतो. हेग करारातलं ते न वाचलं जाणारं वाक्य इथलंच: होड्यांचं निरुपद्रवी रूप कायम ठेवून त्यांचा लष्करी उपयोग करायचा नाही, असं राष्ट्रांनी कबूल केलं आहे. चीनच्या मासेमारी मिलिशियाबद्दलचा (सरकारने हाताशी धरलेल्या मासेमारी बोटींचा ताफा) वाद याच मुद्द्यावर आहे. एका बोटीने वरून जाळी आणि आतून टेहळणी केली की समोरची युद्धनौका शेजारच्या शंभर खऱ्या होड्यांकडेही संशयाने बघते.

मालकाने बोट दिली असेल तर जाळी, फळ्या, क्रेट उतरवून घ्यावेत, ताबा दिल्याची तारीख लेखी घ्यावी आणि खलाशांना जबरदस्तीने सोबत पाठवू नये.

८. युद्धनौकेने थांबायला सांगितलं तर तांडेलाने काय करायचं?

थांबायचं. सान रेमोच्या परिच्छेद ४८ प्रमाणे सूट तीन अटींवर टिकते: होडी आपल्या नेहमीच्या निरुपद्रवी कामात असावी, ओळख पटवून तपासणी करू द्यावी, आणि मुद्दाम आडवं न येता "थांब", "बाजूला हो" हे हुकूम पाळावेत.

व्हीएचएफ चॅनेल १६ कायम चालू ठेवा. हाक आली की होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, बंदर, माणसं किती आणि जाळं पाण्यात आहे की नाही हे सांगा. जाळ्याचं सांगायलाच लोक विसरतात, आणि मग घोटाळा होतो. ट्रॉल ओढत असताना इंजिन एकदम बंद केलं तर जाळं तळाला बसतं, वायर सैल पडते आणि पंख्यात अडकू शकते. म्हणून वेग कमी करा, दिशा बदलू नका, विंच लावून जाळं घ्या आणि किती मिनिटं लागतील ते वायरलेसवर सांगा. तरतं जाळं असेल तर टोकाला बोया बांधून सोडून देता येतं. जागेची जीपीएस नोंद करून ठेवा.

माणसं डेकवर, हात मोकळे आणि दिसतील असे. इंजिनाजवळ एकच माणूस. पाण्यात काहीही टाकायचं नाही, डिझेलचा रिकामा कॅनसुद्धा नाही. लांबून बघणाऱ्याला ते पुरावा बुडवल्यासारखं किंवा सुरुंग टाकल्यासारखं दिसतं. मोबाइलवर व्हिडिओ नको. नोंदणीपत्र, मासेमारी परवाना, खलाशांची यादी आणि ओळखपत्रं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत केबिनमध्ये ठेवा.

युद्धनौकेच्या दिशेने तोंड करून जवळ जाऊ नका, मदत मागायची असली तरी. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडन बंदरात स्फोटकं भरलेली एक छोटी बोट 'कोल' या अमेरिकी युद्धनौकेला येऊन भिडली आणि १७ नौसैनिक मेले. तेव्हापासून जवळ येणाऱ्या लहान बोटीला नौदलं फार वेळ देत नाहीत.

९. रात्री गैरसमजातून गोळीबार झाला तर? तो टाळायला काय करता येतं?

२१–२२ ऑक्टोबर १९०४ च्या रात्री हेच घडलं. जपानशी लढायला निघालेल्या रशियन ताफ्याने उत्तर समुद्रात डॉगर बँकजवळ इंग्लंडच्या हल बंदराच्या ट्रॉलरांना जपानी टॉर्पेडो बोटी समजून तोफा डागल्या. 'क्रेन' बुडाली, दोन मच्छीमार जागीच मेले. होड्या तटस्थ देशाच्या होत्या. पॅरिसला चौकशी आयोग बसला आणि रशियाने ६६,००० पौंड भरपाई दिली.

दिवे बरोबर लावणं हा स्वस्त उपाय. ट्रॉल ओढत असाल तर वर हिरवा, खाली पांढरा. बाकीच्या मासेमारीला वर लाल, खाली पांढरा. जाळं आडवं १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या बाजूला आणखी एक पांढरा. युद्धात दिवे मालवून पळून जाऊ, असं अनेकांना वाटतं. पण अंधारात रडारवर दिसणारा, दिवा नसलेला ठिपका कुणाचा असतो, हे तोफेमागच्या माणसाच्या जागी बसून विचारा.

१०. होडीवर रेड क्रॉस रंगवला तर जास्त सुरक्षित?

उलट धोक्यात. ते चिन्ह वैद्यकीय सेवेचं आहे, त्याचा गैरवापर १९६० च्या कायद्याने निषिद्ध आहे. मासेमारी होडीला स्वतंत्र संरक्षणचिन्ह नाहीच. नोंदणी क्रमांक ठळक रंगवा, तेवढं पुरे.

११. कारवारच्या नौदल तळाजवळ मासेमारी करणाऱ्या होडीचं काय?

अरग्याचा 'आयएनएस कदंब' तळ हे युद्धात उघड लष्करी लक्ष्य असेल. जवळ होडी आहे म्हणून ती लक्ष्य ठरत नाही. हल्ला करणाऱ्याला नागरी नुकसान किती होईल हे तोलावं लागतं. पण तळावर हल्ला करायला मनाई होते असंही नाही. म्हणजे होडीचं संरक्षण कागदावर शाबूत आणि गोळा बाजूला पडला तरी माणूस गेलाच. शिवाय त्या भागातला नौदल प्रमुख होड्यांना हटवू शकतो, वेळा ठरवू शकतो, बंदी घालू शकतो. किनारी होड्यांची सूट त्याच्या हुकुमांच्या अधीन आहे.

१२. मासेमारी बंदीत किंवा परवाना नसताना गेलेल्या होडीला संरक्षण राहतं का?

राहतं. १ जून ते ३१ जुलैची बंदी हा देशातला कायदा. तो मोडल्याने होडी लष्करी होत नाही. पण सगळ्या होड्या बंदरात असताना एकटीच बाहेर दिसली तर "नेहमीचं निरुपद्रवी काम" हे पटवून देणं जड जाईल.

१३. पकडलेल्या खलाशांना युद्धकैदी करतात का?

सूट असलेल्या लहान होडीला अडवून ठेवायलाच कारण नाही, तेव्हा माणसंही तिच्यासोबत सुटायला हवीत. मोठी बोट जप्त झाली तर हेग करार ११ ची कलमं ५ ते ७ बघा. तटस्थ देशाच्या खलाशांना कैदी करता येत नाही. शत्रूदेशाच्या खलाशांनी युद्ध संपेपर्यंत लढाईशी संबंधित काम करणार नाही, असं लेखी वचन दिलं तर त्यांनाही सोडायचं. बोटीने लढाईत भाग घेतला असेल तर ही सवलत नाही.

१४. पाकिस्तान गुजरातच्या बोटी धरतो. तो या नियमाचा भंग नव्हे का?

बहुतेक वेळा नाही, कारण तो युद्धाचा प्रश्नच नसतो. कच्छच्या सर क्रीक या खाडीजवळची हद्द अजून ठरलेली नाही, आणि या अटका शांततेच्या काळात मासेमारी कायद्याखाली होतात. तिथे सागरी कायद्याच्या करारातलं कलम ७३ लागतं: विशेष आर्थिक क्षेत्रात (२०० सागरी मैलांपर्यंत) पकडलेली बोट आणि माणसं वाजवी जामिनावर लवकर सोडायची, आणि दोन्ही देशांचा वेगळा करार नसेल तर तुरुंगवास द्यायचा नाही. १२ मैलांच्या आत हे कलम लागू होत नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यांत मच्छीमारांची नावं असतात. घरच्यांनी नाव त्या यादीत आलं का, हे आधी बघावं.

१५. सागरी सुरुंगांबद्दल काही नियम आहे का?

आहे, १९०७ चा हेग करार क्रमांक ८. न बांधलेला सुरुंग टाकणाऱ्याच्या नियंत्रणातून सुटल्यावर एका तासात निकामी व्हायला हवा, आणि बांधलेला सुरुंग दोर तुटताच. धोक्याची जागा शक्य तितक्या लवकर जाहीर करायची. व्यवहारात काय होतं ते मार्च २०२२ मध्ये दिसलं, जेव्हा काळ्या समुद्रात सुटे सुरुंग तुर्कस्तान आणि रोमानियापर्यंत वाहत आले. जाळ्यात गोल किंवा शिंगं असलेली जड लोखंडी वस्तू आली तर ती डेकवर घेऊ नका. जाळं सोडा किंवा कापा, दूर व्हा, जागा नोंदवा आणि तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. जाळं वाचवायच्या नादात ती विंचने वर ओढणं ही सगळ्यात वाईट चूक.

१६. पाण्यात पडलेल्या शत्रूच्या नौसैनिकाला होडीत घेतलं तर?

घ्या. दुसऱ्या जिनिव्हा करारानुसार बुडणाऱ्यांना शोधून वाचवणं हे लढणाऱ्या पक्षांचंच कर्तव्य आहे (कलम १८). मदतीला धावलेल्या तटस्थ बोटीला त्या कारणाने पकडता येत नाही (कलम २१). त्याला परत लढाईत नेऊन सोडलं मात्र तर प्रश्न ६ लागू होतो.

१७. होडी चुकीने जप्त झाली तर दाद कुठे मागायची?

पकडणाऱ्या देशाच्या प्राइझ कोर्टात. भारतात यासाठी १९७१ चा नौदल व विमान प्राइझ कायदा आहे. होडी आणि तिचं काम सूट मिळण्याजोगं होतं, हे दाखवण्याचा भार व्यवहारात मालकावर येतो, म्हणून कागदच वाचवतात: नोंदणी, परवाना, डिझेलच्या पावत्या आणि मागच्या फेऱ्यांच्या मासळी विक्रीच्या पट्ट्या. बेळगावच्या व्यापाऱ्याकडची पट्टीसुद्धा चालते. प्रश्न ४ मधली ताज्या मासळीची कसोटी सिद्ध करायला तिच्याइतका चांगला पुरावा नाही.

'पाकेते हबाना'च्या मालकांना लिलावाचे पैसे, नुकसानभरपाई आणि खर्च देण्याचा हुकूम झाला. नाशवंत माल मात्र खटला संपेपर्यंत थांबत नाही. तो विकला जातो आणि वाद त्या रकमेवर चालतो. म्हणून पकडलं त्याच दिवशी प्रत्येक क्रेटमधला मासा जातवार लिहून तपासणी अधिकाऱ्याची सही मागा. वजन बर्फ वगळून लिहा, कारण बर्फासकट लिहिलेला आकडा समोरचा वकील पहिल्याच तारखेला फोडतो.